क्यूआरवर आलेले ५०१ रुपये कोणाचे? लहान संस्थांसाठी निधी-संकलनाची नवी घडी

संस्थेच्या बँक स्टेटमेंटमध्ये हल्ली एक ओळ हमखास सापडते. तारीख, बारा आकडी व्यवहार क्रमांक, कुणाचा तरी यूपीआय आयडी आणि पुढे ५०१ रुपये. कार्यक्रमात लावलेल्या क्यूआरवर कुणीतरी मनापासून पैसे पाठवले, पण ते कोण हे संस्थेला ठाऊक नाही. पावती गेली नाही, आभाराचा फोन गेला नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांना आमंत्रणही जाणार नाही.

पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा कार्यकर्ता रक्कम कमी आणायचा, पण येताना नाव, पत्ता आणि ओळख घेऊन यायचा. २०१६ साली यूपीआय आलं, करोनानंतर ते भाजीवाल्यापासून देवळाच्या दानपेटीपर्यंत पोचलं आणि पैसे देणं अगदी सोपं झालं. माणूस जोडून घेण्याची सोय मात्र त्यात आपसूक येत नाही, ती मुद्दाम करावी लागते. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत लहान-मध्यम संस्थांनी ती कशी करावी, त्यासाठी हे लिहिलं आहे.

निनावी देणगी महाग पडते

ज्या देणगीदाराचं नाव-पत्ता संस्थेच्या नोंदीत नाही, ती देणगी आयकर कायद्याच्या लेखी निनावी. धर्मादाय संस्थांना अशा देणग्यांवर ३० टक्के दराने कर लागतो. त्यातून सूट मिळते ती एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढ्यापुरती. समजा वर्षात ३० लाखांच्या देणग्या आल्या आणि त्यातल्या ४ लाखांची नावं सापडत नाहीत. ३० लाखांचे ५ टक्के म्हणजे दीड लाख वजा केले, तर उरलेल्या अडीच लाखांवर ७५,००० रुपये कर, वर उपकर. (निव्वळ धार्मिक संस्थांना हा नियम लागत नाही.) पूर्वी हा प्रश्न दानपेटीपुरता होता. आता क्यूआरमुळे बँकेतून आलेला स्वच्छ पैसाही त्यात अडकतो, कारण यूपीआय आयडी म्हणजे नाव-पत्ता नव्हे.

खातं आणि क्यूआर

क्यूआर संस्थेच्याच खात्याचा हवा. खजिनदारांच्या फोनवरचा वैयक्तिक क्यूआर ‘तात्पुरता’ म्हणून लावला जातो आणि वर्षभर तसाच राहतो. मग ते पैसे खजिनदारांच्या खात्यात, त्यांच्या पॅनवर दिसतात आणि ऑडिटच्या वेळी दोघांच्याही गळ्याशी येतं. बँकेत ट्रस्ट डीड किंवा घटना, नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन आणि विश्वस्तांचा ठराव देऊन व्यापारी प्रकारचा क्यूआर मागा. अर्जात व्यवसायाचा प्रकार विचारतात, तिथे धर्मादाय व समाजसेवी संस्थांसाठीचा ८३९८ हाच संकेतांक पडला आहे ना, ते पाहून घ्या. किरकोळ दुकानाचा पडला तर पुढे पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन देणग्या स्वीकारून खात्यात जमा करणाऱ्या कंपनीच्या) तपासणीत अडचण येते.

एकच क्यूआर सगळीकडे लावू नका. कार्यक्रमासाठी एक, पत्रकासाठी एक, वेबसाइटसाठी एक असे वेगळे ठेवा. बहुतेक व्यापारी खात्यांत असे अनेक क्यूआर काढता येतात आणि टीपही आधीच भरून ठेवता येते. वर्षअखेरीला कुठून किती आलं हे पाहायला दुसरं काही लागत नाही.

सभागृहात क्यूआर लावलात तर त्याच्या शेजारी एक माणूस बसवा. फलक एकटा सोडला की नाव हरवलंच म्हणून समजा. त्या माणसाकडे चार ओळींच्या छापील चिठ्ठ्या द्याव्यात: पूर्ण नाव, मोबाइल, पिनकोडसह पत्ता आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. पॅन तिथे विचारू नये. गर्दीत लोक ते देत नाहीत, आणि टेबलावर पडलेल्या चिठ्ठ्यांवर पॅन असणं बरंही नाही. ज्यांना करसवलतीची पावती हवी असेल त्यांना रात्री फॉर्मची लिंक पाठवावी.

वेबसाइटवरच्या देणगीपानात उलट करा: आधी माहिती, मग पैसे. पैसे देऊन झाल्यावर फॉर्म आला की बरेच जण पान बंद करतात. रकाने मोजकेच ठेवा: पॅनवर आहे तसं नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता, पॅन आणि ‘मी भारतीय नागरिक आहे’ ही खूण. या खुणेचं कारण पुढे येईल.

कार्ड किंवा नेटबँकिंगने आलेल्या देणगीवर गेटवे साधारण २ टक्के आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापतो. १,००० रुपयांच्या देणगीतून २३.६० रुपये गेले, खात्यात ९७६.४० आले. पावती १,००० चीच द्यायची आणि २३.६० बँक खर्चात दाखवायचे. अनेक लहान संस्था ९७६.४० ची नोंद करतात, मग पावत्यांची बेरीज आणि हिशेब कधीच जुळत नाहीत. गेटवे दिवसभराच्या देणग्या एकरकमी जमा करतो, म्हणून त्याचा सेटलमेंट अहवाल दर आठवड्याला उतरवून घ्या. स्टेटमेंट आणि देणगीदारांची यादी व्यवहार क्रमांकावरून जुळवायलाही आठवड्यातला एक ठराविक दिवस ठेवा. आठवड्यापूर्वीचा देणगीदार फोन केला तर आठवतो, मार्चमध्ये शोधायला बसलात तर सापडत नाही.

पावती, १०बीडी आणि ३१ मे

८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत देणाऱ्या आयकर कलमाची, नुसती पावती आता पुरत नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने सगळ्या देणगीदारांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये आयकर पोर्टलवर भरायचं आणि त्यातून तयार होणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं, दोन्ही पुढच्या ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणगीदाराचं नुकसान वेगळंच, कारण विवरणात नाव नसेल तर त्याची वजावट नाकारली जाते. एकदा असं झालं की तो देणगीदार परत येत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

जिथे हमखास घोटाळा होतो त्या जागा अशा. नाव पॅनवर वेगळं आणि पावतीवर वेगळं: लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं. पैसे नवऱ्याच्या खात्यातून, पावती बायकोच्या नावावर. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्याच नावावर करा. एकाच व्यक्तीच्या बारा महिन्यांच्या देणग्या बारा ओळींत टाकणं. देणगीचा प्रकार आणि देण्याची पद्धत एकच असेल तर बेरीज करून एक ओळ टाकायची. कॉर्पसचा, म्हणजे कायम ठेव म्हणून दिलेला, पैसा साध्या देणगीत दाखवणं. कॉर्पससाठी देणगीदाराचं लेखी पत्र असलंच पाहिजे. आणि रोख: २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत नाही, वस्तुरूपाने दिलेल्यावरही नाही. हे पावतीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर कार्यकर्त्यांसाठी लिहून ठेवा.

१०बीडी भरण्याआधी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक देणगीदाराला त्याचं नाव, पॅनचे शेवटचे चार आकडे आणि वर्षाची रक्कम कळवा: ‘चूक असेल तर २५ एप्रिलपर्यंत सांगा.’ निम्म्या दुरुस्त्या इथेच होतात.

आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि ८०जीची तरतूद त्यात कलम १३३ मध्ये गेली. क्रमांक असे बदलत असताना पावतीपुस्तकं एकदम पाच हजार छापून घेऊ नका, आणि फॉर्म भरताना पोर्टलवर असलेलाच क्रमांक घ्या.

करसवलत हे आता मुख्य कारण उरलेलं नाही

फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘कर वाचवा, देणगी द्या’ असं पत्र पाठवायचं आणि वर्षाचा निम्मा निधी उभा करायचा, ही अनेक संस्थांची जुनी रीत. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली ही आपोआप लागू होणारी प्रणाली झाली, आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. २०२५-२६ पासून तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच लागत नाही. आपला पगारदार मध्यमवर्गीय देणगीदार बहुतांशी याच गटात आहे. त्याला ८०जी दाखवून उपयोग नाही.

मग पत्र कशाच्या जोरावर लिहायचं? कामाच्या जोरावर, आणि आपल्याकडे देण्याचे जे प्रसंग आहेत त्यांच्या जोरावर. पितृपक्षात आई-वडिलांच्या स्मरणार्थ देणारे खूप आहेत. पुण्यातलं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन त्याच काळात भरतं. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम गणेशोत्सवात चालतो. त्याशिवाय साठी, पंचाहत्तरी, लेकराचा पहिला वाढदिवस, वर्षश्राद्ध. ही तारीख देणगीदाराकडून एकदा विचारून यादीत लिहून ठेवली, तर पुढच्या वर्षी आठ दिवस आधी एक फोन पुरतो. मोठ्या जाहिरातीपेक्षा या रकान्याने जास्त पैसे येतात असं आमचं ठाम मत आहे.

रक्कम मागताना ती कशाची आहे ते सांगा. ‘सढळ हस्ते मदत करा’ हे वाक्य काहीच सांगत नाही. ‘वसतिगृहातल्या एका मुलीचा महिन्याचा जेवणखर्च २,४०० रुपये’ असं लिहायचं असेल, तर तो आकडा गेल्या वर्षीच्या उत्पन्न-खर्च पत्रकातून काढा: किराणा, भाजी, दूध, गॅस, स्वयंपाकी मावशींचा पगार, भागिले मुली, भागिले महिने. पगार वगळून आकडा लहान दाखवण्याचा मोह होतो. तसं केलं की मावशींच्या पगारासाठी कधीच देणगी मिळत नाही.

दरमहा देणगी

घरात रोज मूठभर धान्य वेगळं काढायचं आणि ते शाळेसाठी द्यायचं, हा मुष्टिफंड आपल्याकडे जुना. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या तर नावातच तो आहे. थोडं पण न चुकता, हे तत्त्व आज यूपीआय ऑटोपेने फार चांगलं चालतं. ही सोय २०२० मध्ये आली. देणगीदार एकदाच पिन टाकून मंजुरी देतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर महिन्याला पिनशिवाय वळती होते. ३०० जणांनी ३०० रुपये दिले तर महिन्याला ९०,००० आणि वर्षाला १०.८ लाख. लहान संस्थेचे पगार यावर निघतात, आणि कोणा एका मोठ्या देणगीदाराच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

बसवताना एवढं पाहा:

वळतीची तारीख ५ ते ८ च्या दरम्यान ठेवा. महिनाअखेरीला खात्यात शिल्लक नसते आणि मंजुरी असूनही रक्कम येत नाही. नॅचच्या (खात्यातून ठराविक रक्कम आपोआप वळती करण्याच्या बँकांच्या जुन्या सोयीच्या) कागदी किंवा ऑनलाइन मंजुरीत शिल्लक नसली तर देणगीदाराची बँक त्याच्याकडूनच दंड घेऊ शकते, म्हणजे आपल्याला ३०० रुपये द्यायला गेलेल्या माणसाला उलट भुर्दंड. लहान रकमेसाठी नॅच टाळा.

रक्कम वळती होण्याच्या २४ तास आधी देणगीदाराला सूचना जाते. तीत कोणाचं नाव दिसतं? संस्थेचं, की मध्ये असलेल्या कंपनीचं? अनोळखी नाव दिसलं की लोक घाबरून मंजुरी रद्द करतात. सुरू करण्याआधी आपल्याच चार कार्यकर्त्यांच्या फोनवर १० रुपयांची मंजुरी घेऊन ती सूचना डोळ्यांनी वाचा, आणि नाव चुकीचं असेल तर गेटवेकडून बदलून घ्या.

रद्द कसं करायचं, हे पहिल्याच संदेशात स्पष्ट सांगा. देणगीदाराला ते स्वतःच्या यूपीआय अॅपमधून करता येतं. दार उघडं आहे हे कळलं की माणूस निर्धास्त राहतो.

लागोपाठ दोन महिने रक्कम आली नाही, तर संदेश नको, फोन करा. बहुतेक वेळा बँक बदललेली असते किंवा फोन हरवलेला असतो. ‘काका, खात्याची काही अडचण आहे का?’ एवढंच विचारायचं; पैशाची आठवण त्यात आपोआप होते.

व्हॉट्सअॅप

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्याच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर सेव्ह नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. हजार जणांना पाठवला असं वाटतं, प्रत्यक्षात कितीतरी जणांपर्यंत गेलेलाच नसतो. म्हणून पावतीसोबतच ‘हा नंबर संस्थेच्या नावाने सेव्ह करा’ अशी ओळ जायला हवी. बिझनेस अॅप मोफत आहे. त्यातली लेबलं वापरून दरमहा देणारे, पितृपक्षात देणारे, वस्तू देणारे असे गट पाडा. देणगीदारांचा एकत्र ग्रुप करू नका. एकमेकांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि चार दिवसांत तिथे सुप्रभात सुरू होतं. पॅनकार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तो आपल्या देणगीदार यादीलाही लागतो.

तीन मागण्यांमागे एकदा तरी फक्त कामाची बातमी पाठवा, पैशाचा उल्लेखही न करता.

फोटो

निधीसाठी सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मुलांना भोवतात. बालगृहातल्या, म्हणजे बालन्याय अधिनियमाखाली संरक्षणात असलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो, नाव, शाळा किंवा पत्ता देता येत नाही. २०१५ च्या त्या कायद्याचं कलम ७४ वाचा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. पालकांची किंवा अधीक्षकांची सही घेतली म्हणजे झालं, असं नाही. काम करणारे हात, वही, पाठमोरी रांग, मुलांनी काढलेली चित्रं यांतून काम उत्तम दाखवता येतं. डोळे झाकणारी काळी पट्टी लावू नका. तिने ओळख लपत नाही, शिवाय मूल गुन्हेगारासारखं दिसतं.

एआयने तयार केलेला रडणाऱ्या मुलाचा फोटो तर अजिबात नको. पत्राचा मसुदा किंवा भाषांतर त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही, पण आकडे आणि माणसं खरीच असली पाहिजेत. एकदा खोटा फोटो पकडला गेला की खरे हिशेबही कोणी वाचत नाही.

परदेशातले आपले लोक

अमेरिकेतला भाचा, लंडनमधली विद्यार्थिनी संस्थेला पैसे पाठवू इच्छिते. इथे पासपोर्ट पाहायचा, नातं नाही. भारतीय नागरिक परदेशात राहत असला तरी त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परदेशी योगदान ठरत नाहीत. त्याच्या भारतीय पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस मात्र परदेशी स्रोत ठरतो, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो किंवा त्याने पैसे रुपयांत दिलेले असोत. ते घ्यायला परदेशी योगदान (नियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. अशी नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे वळवून घेण्याची वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. नोंदणीसाठी साधारण तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

नोंदणी नसेल तर गेटवेमध्ये आंतरराष्ट्रीय कार्ड बंदच ठेवा, आणि ‘भारतीय नागरिक’ ही खूण केल्याशिवाय पान पुढे जाऊ देऊ नका.

सीएसआर

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, हा वेगळा विषय आहे, इथे एवढंच: सीएसआर-१ नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची), १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी) आणि ८०जी, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक तयार नसेल तर बोलणी पुढे सरकत नाहीत. सोशल स्टॉक एक्स्चेंजकडे (सामाजिक संस्थांना निधी उभारू देणाऱ्या शेअर बाजाराच्या विभागाकडे) वळायला वर्षाला किमान ५० लाख खर्च असलेली संस्था लागते. लहान संस्थेने आत्ता त्यात वेळ घालवू नये.

फसवणूक

‘मी ५०० पाठवायचे होते, चुकून ५,००० गेले, उरलेले या नंबरवर परत करा.’ हा फोन देणगीच्या मोसमात येतोच. आधी स्टेटमेंट पाहा, फोनवर आलेला स्क्रीनशॉट नाही. रक्कम खरंच आली असेल तर ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने, त्याच खात्यात, लेखी अर्ज घेऊन परत करा. दुसऱ्या खात्यात पाठवली आणि मूळ पैसा चोरीचा निघाला, तर संस्थेचं खातं पोलिसांच्या सूचनेवरून गोठतं आणि पगार अडकतात. संशय आला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

देणगीपानावर एका रात्रीत १ किंवा २ रुपयांचे शेकडो व्यवहार दिसले, तर चोरलेली कार्डं चालतात का हे कुणीतरी तपासतंय. किमान रक्कम १०० ठेवली आणि कॅप्चा लावला की हे थांबतं. बाहेर लावलेल्या क्यूआरवर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी स्कॅन करून पाहावं.

ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

बँक, गेटवे, आयकर पोर्टल, धर्मादाय कार्यालयाचं संकेतस्थळ, व्हॉट्सअॅप: यांतल्या प्रत्येकाचा ओटीपी कोणत्या नंबरवर जातो, ते आज एका कागदावर लिहा. बहुतेक ठिकाणी तो जुन्या सचिवांचा नंबर निघतो. संस्थेच्या नावावर एक सिम घ्या, ते कार्यालयातल्या फोनमध्ये ठेवा आणि एकेक नोंदणी त्यावर आणा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करा. तो प्रलंबित असताना काही बँका सह्या बदलून देत नाहीत, म्हणून निवडणुकीच्या सभेतच जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी मिळून हंगामी ठराव करून घ्यावा आणि त्याची प्रत त्याच आठवड्यात बँकेत द्यावी.